जागलीची बॅटरी

गावात वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडे एकाच चालीवर सांगतात. बुलढाणा जिल्ह्यात ती अर्धीच खरी आहे. कंदील गेला, बॅटरी गेली नाही. उलट विजेचे खांब वावरापर्यंत पोचले, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि हातातल्या बॅटरीला पूर्वी कधी नव्हतं इतकं काम लागलं. घरात ट्यूबलाइट, वावरात थ्री फेजची लाईन आणि तरीही उशाशी तीन सेलची बॅटरी! हे असं का झालं, याचा शोध घेताना मी जुन्या बॅटऱ्या जमवायला लागलो. (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात, जुनी पुस्तकं विजेरी म्हणत. इथे बॅटरीच चालू द्या.) त्या उघडायच्या, साफ करायच्या, पेटवायच्या, आणि त्या कोणाच्या हातात होत्या याचा अंदाज बांधायचा. या वस्तूचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. रेल्वे, कापूस, रॉकेल, पंप आणि रानडुक्कर अशा वेगवेगळ्या ठिकाणी तो विखुरलेला आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला तेव्हा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही नावं रेल्वेच्या नकाशावर आली. खामगाव मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिलं होतं, आणि कापसाचा बाजार तर खामगावात. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत तेरा-एक किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला. १८७० साली त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने यावं, याचं कारण मँचेस्टरच्या गिरण्यांत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथल्या कापसाची वाट अडवली, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला आलेला भाव सगळ्यांना ताजा आठवत होता.

कापूस आणि उघडा दिवा यांचं वैर जुनं आहे. हंगामात जिनात रात्रपाळी चाले, हवेत रुईचे तंतू तरंगत, आणि उजेड द्यायला रॉकेलची वात. रुईच्या गंजीजवळ कंदील नेणाऱ्याच्या हाताकडे मुकादमाची नजर असे. गाठी भरलेल्या वाघिणींच्या बाजूने गार्ड हातदिवा घेऊन जाई. त्याच्या दिव्यातही वातच, भोवती फिरणाऱ्या लाल-हिरव्या काचा, आणि वर धुराडं. ज्वाळेशिवाय उजेड हवा ही गरज या प्रदेशात शेतकऱ्याच्या आधी जिनवाल्याला आणि रेल्वेला पडली, असं मला वाटतं.

शेतकऱ्याकडे तेव्हा काय होतं? टेंभा, पलिता, चिमणी, आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे कंदील. आधी जर्मन-अमेरिकन बनावटीचे कंदील आले. पुढे कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. स्वदेशीच्या इतिहासात त्याला योग्य तो मान मिळालेला आहे. पण कंदिलाची एक अडचण कोणत्याही देशाच्या कारखान्याला सोडवता आली नाही. तो चारी बाजूंना सारखा उजळतो. धरणाऱ्याच्या डोळ्यांतच आधी उजेड जातो, पाच-दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडे जे काही उभं असेल त्याला मात्र कंदीलवाला स्पष्ट दिसतो. ज्वारीच्या वावरात रात्री जागलीला बसलेल्या माणसासाठी ही फार वाईट तऱ्हा.

या अडचणीवरचा उपाय तिकडे न्यूयॉर्कमध्ये तयार होत होता, अर्थात वऱ्हाडची कोणाला कल्पना नसताना. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने १८६६ साली जस्त, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून बरणीतला घट बनवला. त्यात नवसागराचं पाणी असे, तोच नवसागर जो कल्हईवाल्याच्या पिशवीत सापडतो. बरणी हलवली की पाणी सांडणार, म्हणून हा घट एका जागी ठेवायचा. तारायंत्राला, दारावरच्या घंटीला तो चाले. हातात घेऊन फिरणं अशक्य. जर्मनीत कार्ल गास्नरने १८८६-८७ च्या सुमारास ते पाणी लापशीसारखं घट्ट केलं आणि जस्ताच्या डब्यालाच घटाची भिंत केली. कोरडा सेल जन्माला आला. पुढे त्या लापशीत गव्हाचं पीठ आणि मक्याचा स्टार्च घालायची पद्धत रूढ झाली. क्लीव्हलंडच्या नॅशनल कार्बन कंपनीने १८९६ साली असा सेल बाजारात आणला, आणि १८९८ साली आपण आज ‘मोठा सेल’ म्हणतो त्या मापाचा.

मग डेव्हिड मिसेल या संशोधकाने असे सेल एका नळीत एकामागे एक ठेवले, तोंडाशी दिवा आणि पितळी परावर्तक बसवला. १० जानेवारी १८९९ रोजी त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. पेटंटचा धनी होता कॉनरॅड ह्यूबर्ट. हा मूळचा रशियन साम्राज्यातल्या मिन्स्क भागातला आकिबा होरोविट्झ. अमेरिकेत नाव बदलून विजेवर चालणाऱ्या शोभेच्या वस्तू विकत होता. त्याने पहिल्या काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या आणि त्यांची प्रशस्तिपत्रं जाहिरातीत छापली. विक्रीची ही युक्ती सव्वाशे वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

त्या पहिल्या बॅटरीचं एक वैशिष्ट्य संग्राहकाने लक्षात ठेवावं. ती सलग पेटत नसे. दिव्यात कार्बनची तार, सेल दुबळे. बटण दाबून धरलं की क्षणभर उजेड, मग सेलला विसावा. म्हणून जुन्या नळ्यांवर सरकतं बटण नसतं, फक्त दाबायची पट्टी किंवा कडं असतं. टंगस्टनची तार १९१० च्या आसपास आली तेव्हा उजेड टिकू लागला आणि सरकतं बटण लावण्यात अर्थ आला. एखादी जुनी नळी हातात आली की मी आधी बटण पाहतो. छाप पुसलेली असली तरी वयाचा पहिला अंदाज तिथे लागतो.

हिंदुस्थानात एव्हरेडीचे आयात सेल १९०५ पासून विकले जाऊ लागले. योगायोग असा की त्याच १९०५ साली खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्याला जोडले गेले, आणि आजचा जिल्हा साधारण आकाराला आला. घाटावरचा बुलढाणा, चिखली, मेहकर आणि घाटाखालचा खामगाव, मलकापूर, जळगाव असे दोन स्वभाव एका जिल्ह्यात आले. थंड हवेचं प्रशासन वर, कापूस आणि आगगाडी खाली. बॅटरी आधी खालीच आली असणार, कारण ती आगगाडीने येई. साहेब, फौजदार, स्टेशनमास्तर, डॉक्टर आणि कापसाचे अडते हे तिचे पहिले धनी. शेतकऱ्याच्या हातात ती यायला अजून दोन पिढ्या जायच्या होत्या. अडचण नळीच्या किमतीची कमी, सेलची जास्त. कंदिलाला रॉकेल गावच्या दुकानात मिळे, सेलसाठी तालुक्याला जावं लागे, आणि तिथे मिळालेला सेल किती दिवस गोदामात पडून होता हे कोणी सांगत नसे.

ही अडचण सुटली सेल इथेच बनू लागले तेव्हा. १९३४ साली एव्हरेडीची हिंदी कंपनी कलकत्त्यात नोंदली गेली आणि काही वर्षांत तिथे सेलचा कारखाना उभा राहिला. पुढे तिचं नाव नॅशनल कार्बन कंपनी (इंडिया) झालं. १९५८ साली लखनौला बॅटरीच्या नळ्यांचा कारखाना निघाला, आणि १९५९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइड इंडिया झाली. अलाहाबादची जीप, मुंबईची एस्ट्रेला अशी दुसरी नावंही दुकानात दिसू लागली. नळीवरच्या कंपनीच्या नावावरून माल १९५९ च्या आधीचा की नंतरचा हे ठरवता येतं. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण त्या मांजराखाली काय लिहिलंय ते वाचणारे थोडे.

या साखळीत विदर्भाचा एक वाटा आहे आणि त्याची आठवण इथे फारशी कोणी काढत नाही. सेलच्या पोटातला काळा भुगा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग ही खाण सेलच्या कामाला येणाऱ्या याच खनिजासाठी ओळखली जाते. मध्य प्रांतातलं मँगनीज काढायला ब्रिटिश कंपनी १८९६ साली उतरली होती. १९६२ साली तिच्या खाणी घेऊन सरकारने मॉइल स्थापन केली. पोरं जुना सेल फोडून आतली कार्बनची कांडी भिंतीवर रेघोट्या ओढायला घेत आणि काळा भुगा उकिरड्यावर टाकत. त्यातला काही भुगा नागपूरच्या पलीकडच्या जमिनीतूनच निघालेला असेल.

साठ-सत्तरच्या दशकांत बॅटरी घरात आली ती एखाद्या मानाच्या वस्तूसारखी. खुंटीला कडीने टांगलेली, पोरांना हात लावायची बंदी. जागलीला जाणारा माणूस कंदील आणि बॅटरी दोन्ही नेई, आणि यात उधळपट्टी नव्हती. खोपीवर टांगलेला कंदील रात्रभर मंद जळे, माणूस आहे एवढं जनावरांना कळावं म्हणून. खुसफुस झाली की बॅटरीचा झोत तिकडे. रोही (नीलगाय) असेल तर डोळे चमकत आणि तो पळे. डुकरांचा कळप मात्र झोताला फारशी किंमत देत नसे, त्यांच्यासाठी डबा वाजवावा लागे. घरून वावरात जाताना पायवाटेवर घोणस पडलेली असेल तर कंदिलाच्या उजेडात ती पाचोळ्यासारखी दिसते. झोतात तिच्या अंगावरची साखळी उठून येते. माझ्या मते बॅटरीने वाचवलेले जीव मोजायचे झाले तर सापाच्या खात्यातच जास्त भरतील, पण त्याची नोंद कोण ठेवणार.

टुरिंग टॉकीजच्या तंबूतही बॅटरी होती. दारावरचा माणूस उशिरा आलेल्याला झोतानेच जागा दाखवी, आणि विडी ओढणाऱ्याच्या तोंडावर तोच झोत मारी. जत्रेत आलेल्या पोरांना सिनेमापेक्षा ती बॅटरी जास्त आवडे.

सेल वाचवण्याच्या गावरान युक्त्यांकडे शिकलेली माणसं हसतात. पण त्या बिनबुडाच्या नव्हत्या. मंद झालेले सेल उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि सेल आणखी थोडा वेळ चालतो. नवा होत नाही, रात्रीचा अर्धा तास मात्र निघतो. दुसरी युक्ती त्याहून शहाणपणाची. बॅटरीने टाकून दिलेले सेल ट्रान्झिस्टरमध्ये घालायचे. बॅटरीच्या दिव्याला सुमारे ०.३ अँपिअर लागतो, हळू आवाजात चालणाऱ्या रेडिओला त्याच्या दहाव्या भागाइतका. बॅटरीला मेलेला सेल बातम्यांना आणखी काही आठवडे पुरे. आमच्याकडे सेलची ही वाटणी गावोगाव माहीत होती आणि ओहमचा नियम कोणी वाचलेला नव्हता.

तेवढ्यात वीज आली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. शेगावच्या पुढे, अकोला जिल्ह्यातल्या पारसला साठच्या दशकाच्या सुरुवातीला ३० मेगावॉटचा कोळशावरचा संच चालू झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत तारा गावागावांत पोचल्या आणि मोटेच्या जागी इलेक्ट्रिक मोटार आली. इथून बॅटरीची गोष्ट उतरणीला लागायला हवी होती.

तसं झालं नाही, याचं कारण विजेच्या हिशेबात आहे. कोळशावरचा संच मनात येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. रात्री शहरं आणि कारखाने कमी वीज घेतात तेव्हा ती कुठेतरी खपवायची असते, आणि दिवसा-संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कोणाची तरी तोडायची असते. दोन्ही वेळा सोयीचं गिऱ्हाईक एकच: शेतीपंप. म्हणून शेतीची लाईन आलटून पालटून, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, त्याच सुमारास भारनियमनाने कळस गाठला, आणि रात्रीचं ओलित, म्हणजे रातपाणी, हा रब्बीचा कायमचा भाग झाला. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं ते पौष-माघातल्या कडाक्यात, मध्यरात्रीनंतर.

मोटार आपोआप चालू करणारा ‘ऑटो’ बसवता येतो, पण पाणी आपोआप वळत नाही. एक वाफा भरला की दांड फोडून दुसऱ्यात घालावं लागतं, उंदराच्या बिळात पाणी जिरत असेल तर ते बुजवावं लागतं. फावडं धरायला दोन्ही हात हवेत, मग बॅटरी कुठे? काखेत, मान वाकवून गालाखाली, नाहीतर दातांत. वीज उपकेंद्रातून वावरापर्यंत आली होती, पण वावरात माणसाला दिसण्यासाठी तिने एक दिवाही दिला नव्हता. तो उजेड त्याने सेल विकत घेऊन आणायचा, म्हणजे सगळ्यात महाग वीज घेऊन सगळ्यात स्वस्त वीज वापरायची. एवढा उफराटा व्यवहार मला दुसरा माहीत नाही.

आणि वावरात एकटा तोच नसतो. १९९७ साली घोषित झालेलं ज्ञानगंगा अभयारण्य बुलढाणा-खामगाव रस्त्याला लागून आहे. त्यातली अस्वलं आसपासच्या शेतांत उतरतात. २०१९ च्या शेवटी यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, तेराशे किलोमीटरच्या आसपास भटकून याच ज्ञानगंगात आला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या पायपिटीचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण ज्या रात्री तो कपाशीच्या शेतांतून चालला, त्या रात्री त्याच शेतांत कोणी तरी पाणी देत होतं, हे लिहिणारा मला एकही आढळला नाही.

मधल्या एका रात्रीचा उल्लेख टाळून बॅटरीचा इतिहास लिहिता येणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळला ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तो युनियन कार्बाइड इंडियाचा, म्हणजे घरोघर खुंटीला टांगलेल्या बॅटरीच्या कंपनीचा. हजारो माणसं मेली. मांजराच्या छापाच्या सेलवर बहिष्काराची हाकही दिली गेली. खेड्यात ती कितपत पोचली असेल याबद्दल मला शंका आहे, कारण सेलवरचं नाव आणि बातमीतलं नाव वेगळं होतं. १९९४ साली मूळ अमेरिकी कंपनीने आपला वाटा मॅक्लिऑड रसेल या कलकत्त्याच्या कंपनीला विकला. त्या पैशातून भोपाळमध्ये पीडितांसाठी रुग्णालय उभं राहिलं आणि सेलची कंपनी एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. संग्राहक मंडळी नळीवर युनियन कार्बाइडचं नाव दिसलं की ‘जुना माल’ म्हणून खूश होतात. व्हायला हरकत नाही, पण ते नाव वाचताना थोडं थांबावं.

जुने दिवे जमवण्याची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे, आणि तिचं मूळ पुण्यात दिनकर केळकरांकडे जातं. त्यांच्या संग्रहातल्या दिव्यांवरचं ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९६१ साली सरकारी प्रकाशन विभागाने काढलं, आणि १९७५ साली त्यांनी आपला सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. समया, लामणदिवे, हत्तीवरचे दिवे पाहायला माणसं आजही तिथे जातात. पण केळकरांच्या वाटेने गेलेल्या बहुतेकांची नजर समईवरून निघून कंदिलापाशी थांबते. बॅटरी त्यांना वस्तू वाटत नाही, भंगार वाटते. त्यामुळे खामगाव-मलकापूरच्या भंगारवाल्याकडे पितळी बॅटरी वजनावर विकली जाते, आणि वजनावर विकलेलं पितळ वितळवलं जातं. लखनौच्या कारखान्याची पहिली काही वर्षं अशीच भट्टीत गेली असावीत.

हाती लागलेली बॅटरी बहुधा बंदच असते, आणि बुडाचं झाकण उघडत नाही. आत सेल फुटलेला असतो. कोरड्या सेलची रचनाच तशी आहे. वीज देताना जस्ताचा डबा स्वतः झिजतो. तो पातळ झाला की लापशी बाहेर येते, फुगते आणि नळीला चिकटते. पितळेवर हिरवट-निळी बुरशी चढते, बुडाची स्प्रिंग गंजून जाते. इथे हातोडा मारणारे नळीचं तोंड वाकडं करून बसतात. नळी उभी धरून आत कोमट पाणी भरावं, रात्रभर ठेवावं, लाकडी दांड्याने हळू सरकवावं, नाही सरकलं तर पुन्हा पाणी. घाई केली तर नुकसान आपलंच. आणि हे काम अंगणात, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून करावं, कारण जुन्या सेलमध्ये जस्त लवकर झिजू नये म्हणून थोडा पाराही घालत असत.

राहिलेला क्षार धुताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: लिंबू पिळतात. जुना जस्त-कार्बनचा सेल मुळात आम्लधर्मी, त्यावर लिंबू म्हणजे आगीत तेल. त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. लिंबू किंवा व्हिनेगर लागतं ते नव्या अल्कलाइन सेलच्या गळतीला. आधी कोणता सेल होता ते पाहायचं, मग डबा उघडायचा.

दुसरी चूक चिंचेची. पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून बॅटरीलाही चोळतात, वरून रांगोळी. पण बहुतेक नळ्यांना पितळेवर निकेलचा पातळ थर असतो. एका घासणीत तो जातो आणि खालचं पिवळं पितळ ठिगळासारखं उघडं पडतं. मऊ फडकं, साबणाचं पाणी, बस. परावर्तकाला तर बोट लावायचं नाही. त्यावरची चांदी नखभर घासली तरी उतरते. चांदीच्या बाजारासाठी नाव असलेल्या खामगावात राहून परावर्तकाला नवा मुलामा द्यायचा मोह होतो हे खरं. रोज वापरायची बॅटरी असेल तर द्यावा. जपून ठेवायची असेल तर काळवंडलेला परावर्तकच राहू द्यावा असं माझं मत आहे. नवी चांदी चढली की ती कुठल्याही दशकातली वाटू लागते.

बटणाचं काम सोपं असतं. आत पितळेची एक पट्टी सरकून नळीला टेकते; ती घासली आणि खालचा फायबरचा कागद फाटला नसेल तर निम्म्या बॅटऱ्या तिथेच जिवंत होतात. दिवा मात्र नीट पाहून घ्यावा. दोन सेलला २.५ व्होल्टचा, तीन सेलला ३.८ व्होल्टचा, तीन सेलच्या नळीत दोन सेलचा दिवा लावला तर एक क्षण डोळे दिपतील आणि मग कायमचा अंधार. अनेक नळ्यांच्या बुडाच्या झाकणात जादा दिवा ठेवायची खाच असते, तिथे कापसात गुंडाळलेला मूळ दिवा सापडला तर त्या दिवसाचं सार्थक होतं. एलईडीचा दिवा जुन्या नळीत बसतो, पण उजेड विसकटतो. परावर्तक तारेच्या जागेवर नेम धरून घडवलेला असतो आणि एलईडीचा उजेड त्या बिंदूतून निघत नाही. तोंड फिरवून झोत लांब-आखूड करायची गंमत त्यात उरत नाही.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट मात्र नळीच्या अंगावर असते. भांड्यांवर टोच्याने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायची आपली पद्धत. बॅटरीवरही तशी नावं सापडतात. नाव, गाव, क्वचित साल. यंत्रावर पॉलिश करून घेणारे पहिल्यांदा हीच अक्षरं पुसतात, आणि मग नळी चकचकीत होते, पण तिची कोणत्या गावच्या रात्रीशी ओळख होती हे कायमचं जातं. माझ्यापुरता नियम असा केला आहे की नाव असलेल्या नळीला सोड्याच्या पाण्यापलीकडे काही लावायचं नाही, मग ती कितीही मळकट दिसो.

आता पितळी बॅटरीचे दिवस संपले. भारनियमनाच्या वर्षांत बाजारात प्लास्टिकची, भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी एलईडी बॅटरी आली, आणि तिच्यामागून डोक्याला पट्ट्याने बांधायची. दांड फोडणाऱ्याचे दोन्ही हात पहिल्यांदा मोकळे झाले. माझ्या मते मिसेलच्या पेटंटनंतर रातपाण्याच्या माणसासाठी झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा. दुसरीकडे २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आहे. तिचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणं हाच आहे. ज्या फीडरवर ती खरोखर पोचेल तिथलं रातपाणी थांबेल, आणि बॅटरीचं मुख्य काम संपेल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, विहिरीचं पाणीच खारट असल्याने तिथे प्रश्न वेगळा आहे. तिथे जागल डुकरांसाठीच राहील.

मला काळजी आहे ती त्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांची. पितळी नळ्यांना आज ना उद्या गिऱ्हाईक मिळेल, त्या दिसायला देखण्या आहेत. भारनियमनाच्या ऐन काळातली हिरवी-निळी, दोरी बांधलेली, दातांच्या खुणा असलेली प्लास्टिकची बॅटरी कोणी ठेवत नाही, आणि खरं रातपाणी तिने केलं. तिच्या पोटात सील केलेली ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती चार्ज न करता पडून राहिली तर मरते, फुगते, कवच फोडते. दुरुस्त करायची सोय ठेवलेलीच नाही. तेव्हा अशी एखादी घरात असेल तर स्क्रू काढून आतली लेड-अ‍ॅसिड वेगळी करावी, ती उकिरड्यावर न टाकता बॅटरीवाल्याला परत द्यावी, आणि रिकामं कवच, सर्किट, दिवे एका डब्यात घालून वर चिठ्ठी लावावी: कोणी वापरली, कोणत्या वावरात, कोणत्या फीडरवर, आणि रात्रीची लाईन किती वाजता येत होती.